मॅट्रिक ते बारावी : वाट कुठे फुटते?



दहावीचा निकाल लागला की देवळ्याच्या एस.टी. स्टँडवर एक ठरावीक देखावा दिसतो. लोहोणेर, उमराणे, मेशी, वाखारी, खामखेडा अशा गावांहून बाप आणि मूल अशी जोडी उतरते. मुलाच्या हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स आणि बापाच्या चेहऱ्यावर काळजी. मागे असेच एक ओळखीचे गृहस्थ भेटले. कांद्याचे भाव, पावसाची लक्षणे यांवर दोन शब्द झाले आणि त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"सर, पोरीला पंच्याहत्तर टक्के पडले. आता साईड कोणती घ्यायची?"

मी विचारले, "भाऊ, तिला पुढं काय व्हायचंय?"

"ते पुढचं पुढं बघू. आधी साईड सांगा."

श्रोतेहो, या उत्तरात त्या गृहस्थांचा काही दोष नाही. आपण सगळेच असे बोलतो. पण खरी मेख तिथेच आहे. 'पुढचं पुढं' म्हणून आपण जे मागे ढकलतो, ते त्या साईडच्या अर्जातच ठरून गेलेले असते. अभ्यासक्रमाची आखणी म्हणजे केवळ विषयांची यादी नव्हे. ती वाटांची आखणी आहे. कोणत्या वयात वाट फुटते, फुटल्यावर मागे येता येते की नाही, आणि पुढची शाळा घरापासून किती लांब आहे, या तीन गोष्टींवर खेड्यातल्या मुलामुलींचे नशीब आजवर ठरत आले आहे. ही आखणी कुणी, केव्हा आणि कशी बदलत नेली, त्याची हकीकत आज मी तुम्हाला सांगणार आहे.

आरंभ करू या मॅट्रिकपासून. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली १८५९ साली. हीच मॅट्रिक. या पहिल्या परीक्षेत जी मुले उतरली, त्यांची संख्या दोन डझनांच्याही आत होती. त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या निफाडला १८४२ साली जन्मलेले महादेव गोविंद रानडेही होते. मात्र हे ध्यानात ठेवा की, रानडे निफाडला जन्मले तरी शिकले ते कोल्हापूरला आणि मुंबईला. निफाडला राहून मॅट्रिक होण्याची सोय त्या काळी नव्हतीच.

आता मॅट्रिक या परीक्षेचे मर्म पाहा. नावानेच ती प्रवेशपरीक्षा. म्हणजे शाळेत काय शिकवायचे हे शाळा ठरवीत नव्हती, विद्यापीठ ठरवीत होते. इंग्रजी, दुसरी एखादी भाषा, गणित, इतिहास-भूगोल असे विषय, आणि त्यांचा रोख सगळा कॉलेजकडे. शंभरांतली नव्वद मुले कॉलेजात जाणार नसली, तरी शंभरही मुलांनी कॉलेजचीच तयारी करायची. जत्रेला न जाणाऱ्यानेही रथ ओढायचा, असा हा प्रकार.

खेड्यातली वाट तर त्याआधीच फुटत असे. मराठी चार इयत्ता झाल्या की दोन रस्ते. एक रस्ता इंग्रजी शाळेचा. इंग्रजी पहिलीपासून सातवीपर्यंत, आणि ती सातवी म्हणजे मॅट्रिक. दुसरा रस्ता मराठी शाळेतच पुढे सातवीपर्यंत जाण्याचा. त्याच्या शेवटी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा. 'फायनल झालेला' माणूस प्राथमिक शिक्षक होई, तलाठी होई, गावात चार कागद लिहून देई. माझे आजोबा असेच फायनल होऊन मास्तर झाले. गावाने त्यांना जन्मभर मान दिला. पण मॅट्रिकचे दार त्यांना नवव्या-दहाव्या वर्षीच बंद झाले होते, आणि ते बंद झाल्याचे त्यांना कुणी सांगितलेही नव्हते.

या आखणीवर पहिला मोठा बोट ठेवणारा माणूस म्हणजे महात्मा जोतीराव फुले. १८८२ साली सरकारने हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्याच्यापुढे फुल्यांनी लेखी निवेदन दिले. त्याचा आशय असा की, सरकारी तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या घामातून, आणि तिच्यातला पैसा खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. खेड्यातल्या शाळेत मोडी-बालबोध वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल यांबरोबर शेतीची आणि आरोग्याचीही मूलतत्त्वे शिकवावीत, आणि मास्तर शक्यतो शेतकरी-कष्टकरी वर्गातला असावा, वेळप्रसंगी नांगराला हात घालायला न लाजणारा, असेही त्यांनी सुचवले. अभ्यासक्रम कुणासाठी आखायचा, हा प्रश्न एवढ्या रोखठोकपणे आपल्याकडे पहिल्यांदा विचारला गेला तो तेव्हा.

हंटर आयोगाने हायस्कुलाच्या वरच्या वर्गांसाठी एक तोड काढली. दोन शाखा कराव्यात : एक विद्यापीठाकडे नेणारी, दुसरी व्यापार-उदीम आणि व्यवहारोपयोगी शिक्षणाची. कागदावर तोड उत्तम होती. मुंबई इलाख्यात पुढे मॅट्रिकच्या जोडीला स्कूल फायनल परीक्षाही निघाली. पण लोकांनी हिशेब केला तो साधा आणि सरळ : मान कशाला आहे? मॅट्रिकला. कॉलेजचे दार कशाने उघडते? मॅट्रिकने. मग दुसऱ्या वाटेने कोण जाणार? ती वाट ओसाड पडली. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या शंभर वर्षांत ती पुन्हा पुन्हा घडणार आहे.

दरम्यान आपल्या नाशिक जिल्ह्यात लोकांनी स्वतःच हातपाय हलवले. १९१४ साली नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला, सत्यशोधक विचारांच्या प्रेरणेतून. बहुजनांच्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून वसतिगृहे निघाली. शाळा नुसती असून भागत नाही, राहायला जागा आणि पोटाला भाकरी लागते, हे त्या मंडळींनी ओळखले होते. १९१८ साली गोखले एज्युकेशन सोसायटी निघाली आणि १९२४ साली तिने नाशकात हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज काढले. तोवर मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचे तर पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे.

स्वातंत्र्यानंतर आखणीत मोठा फरक पडला. मॅट्रिक विद्यापीठाच्या हातून काढून घेण्यात आली. मुंबई राज्यात त्यासाठी वेगळे मंडळ झाले आणि १९४९ पासून एस.एस.सी. ही परीक्षा सुरू झाली. अकरा वर्षांच्या शालेय शिक्षणाचे हे प्रशस्तिपत्रक. नावातला बदल लहान नाही. मॅट्रिक म्हणजे 'आत येऊ का?' असे विचारणारी परीक्षा. एस.एस.सी. म्हणजे 'एवढे शिक्षण पुरे झाले' असे सांगणारी परीक्षा. निदान उद्देश तरी तसा होता. लोक मात्र तिलाही मॅट्रिकच म्हणत राहिले, आणि जुनी माणसे अजून म्हणतात.

१९५२-५३ मध्ये डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग बसला. त्याने सांगितले की, माध्यमिक शाळा बहुउद्देशी करा. भाषा, सामाजिक शास्त्र, सामान्य विज्ञान आणि एखादी हस्तकला हा गाभा सर्वांना सारखा. त्याभोवती सात गट : मानव्य, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला आणि गृहविज्ञान. मुलाने आपल्या कलाप्रमाणे एक गट निवडावा. कल्पना उदार होती. पण सात गट म्हणजे सात प्रकारचे शिक्षक, प्रयोगशाळा, कार्यशाळा. हे शहरातल्या मोठ्या शाळांनाही झेपेना, मग खेड्यातल्या तीन खोल्यांच्या हायस्कुलाची काय कथा!

शिवाय निवड करायची ती नववीच्या उंबरठ्यावर, म्हणजे तेराव्या-चौदाव्या वर्षी. माझ्या वडिलांचे उदाहरण सांगतो. ते १९६८ साली अकरावी एस.एस.सी. झाले. नववीत जाताना कुणीतरी सुचवले, "बीजगणित-भूमिती अवघड जाते, सामान्य अंकगणित घे, सुटशील." त्यांनी ते घेतले आणि ते सुटलेही. पण शास्त्र शाखेकडे जायला बीजगणित-भूमिती लागते, हे त्यांना कळले ते निकाल हाती आल्यावर. राहिली कला शाखा. तीही कॉलेजात, आणि कॉलेज म्हणजे नाशिक, नाहीतर १९५९ साली निघालेले मालेगावचे. फीची सोय झाली असती. १९६० च्या सुमारास सरकारने कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना फी माफ केली होती, 'ई.बी.सी.' म्हणून ती सर्वांच्या तोंडी आहे. पण खोलीचे भाडे आणि खानावळ ई.बी.सी.त बसत नव्हती. वडील शेतीवर राहिले. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मात्र माझ्या नववीच्या वेळी शाळेत येऊन त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "याला पूर्ण गणित आहे ना?"

पुढचे वळण कोठारी आयोगाचे. डॉ. दौलतसिंह कोठारी अध्यक्ष आणि सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. १९६४ ते १९६६ अशी दोन वर्षे आयोगाने काम केले आणि १०+२+३ असा आकृतिबंध सुचवला. या आकड्यांमागे दोन विचार होते, ते नीट समजून घ्या.

पहिला विचार : पहिली दहा वर्षे सर्वांना एकच अभ्यासक्रम. गणित आणि विज्ञान सर्वांना, मुलांना आणि मुलींनाही. 'मुलीच्या जातीला गणित कशाला?' हा प्रश्नच काढून टाकला. म्हणजे वाट फुटण्याची जागा नववीतून उचलून दहावीच्या पुढे नेली. तेराव्या वर्षी ठरत होते, ते आता सोळाव्या वर्षी ठरणार. माझ्या वडिलांची जी चूक झाली, ती होण्याची जागाच आयोगाने काढून टाकली.

दुसरा विचार : मधली दोन वर्षे ही विद्यापीठाची मागली ओसरी नसून शालेय शिक्षणाचा वरचा मजला आहे. तिथे शाखा फुटाव्यात, आणि निम्म्या मुलांनी तरी धंदेशिक्षणाकडे वळावे, अशी अपेक्षा होती.

महाराष्ट्राने हा आकृतिबंध जून १९७२ मध्ये आठवीपासून लागू केला. ती आठवीची मुले मार्च १९७५ मध्ये दहावीला बसली. आणि त्याच वर्षी जुन्या अकरावी एस.एस.सी.ची शेवटची तुकडीही परीक्षेला होती. घरातला थोरला अकरावीचा, धाकटा दहावीचा, दोघेही एकाच वर्षी एस.एस.सी. अशी गंमत तेव्हा झाली. पूर्वी अकरा अधिक कॉलेजची चार मिळून पंधरा वर्षांत पदवी मिळे, आता दहा अधिक दोन अधिक तीन, तीही पंधराच. वर्षे तेवढीच राहिली, फक्त मधली रेघ सरकली. तुम्ही म्हणाल, मग एवढा खटाटोप कशाला?

श्रोतेहो, खेड्याच्या दृष्टीने सगळे महत्त्व त्या रेघेलाच आहे. कारण रेघेच्या अलीकडचे गावात मिळते आणि पलीकडचे शहरात. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला 'कनिष्ठ महाविद्यालय' हे नाव पडले. ते मोठ्या कॉलेजला जोडलेले असू शकते, स्वतंत्र असू शकते, आणि हायस्कुलालाही जोडता येते. या शेवटच्या सोयीने क्रांती केली. हायस्कुलाच्या त्याच आवारात दोन वर्ग वाढले आणि बारावी तालुक्यात आली, पुढे मोठ्या गावांतही आली. देवळा १९९९ पर्यंत कळवण तालुक्यात होते, मग स्वतंत्र तालुका झाला. आज इथे मराठा विद्या प्रसारक समाजाचे कर्मवीर रामरावजी आहेर महाविद्यालय आहे. त्यात कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखा आहेत. माझी थोरली बहीण नव्वदच्या दशकात तालुक्याच्या ठिकाणी बारावी झाली. सकाळच्या एस.टी.ने जायचे आणि दुपारच्या एस.टी.ने परतायचे. मालेगावला खोली करून राहायचे असते, तर आजीने उंबरा ओलांडू दिला नसता. दोन वर्षांची रेघ तिच्या बाजूला सरकली, म्हणून ती पुढे शिकली आणि आज शिक्षिका आहे.

आता आजची बारावी आतून कशी असते ते पाहू. इंग्रजी सर्वांना, जोडीला दुसरी एक भाषा आणि चार ऐच्छिक विषय. प्रत्येक विषयाला १०० गुण. भौतिक, रसायन यांसारख्या विषयांत लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०, तर भाषांत लेखी ८० आणि तोंडी वगैरे २०. शास्त्र शाखेत द्विलक्ष्यी अभ्यासक्रमही असतात. त्यात दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी २०० गुणांचा एक धंदेविषयक विषय घेता येतो.

प्रत्येक विषय पुन्हा घटकांत विभागलेला असतो. हा 'घटक' शब्द शाळेत रुळला तो १९६० च्या आसपास. बेंजामिन ब्लूम हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ त्या सुमारास सल्लागार म्हणून भारतात आले होते, आणि १९५८ साली दिल्लीत परीक्षासुधारणेसाठी एक केंद्रीय विभाग निघाला. तिथून घटक-नियोजन, घटक-चाचणी, प्रत्येक घटकाला ठरावीक गुणभार, ही पद्धत शाळांपर्यंत झिरपली.

शेतकऱ्याला घटक समजावून सांगायला मला वेळ लागत नाही. कांद्याच्या रानाला आपण पाणी कसे भरतो? सगळ्या रानात एकदम सोडत नाही. वाफे पाडतो, एक भरला की त्याचे तोंड बंद करून दुसऱ्याचे उघडतो. एखादा कोरडा राहिला तर कोणता राहिला ते कळते. घटक म्हणजे अभ्यासाचा वाफा. जुन्या मॅट्रिकमध्ये सारे रान एकाच परीक्षेत एकदम भरायचे, कुठे सुकले ते मार्चनंतर समजायचे. घटक-चाचणीने ते ऑगस्टमध्येच समजते. पण गुरुजनहो, वाफा भरला की नाही हे बघायचे सोडून नुसत्या वहीत 'पाणी दिले' अशी नोंद केली, तर पीक येत नाही. चाचणीचे गुण मांडून थांबणे आणि कोरड्या वाफ्याकडे परत न जाणे, हा आपल्या लोकांचा, आणि माझाही, नेहमीचा दोष आहे.

आता आयोगाच्या दुसऱ्या अपेक्षेचे काय झाले? निम्मी मुले धंदेशिक्षणाकडे वळतील, ही अपेक्षा फळाला आली नाही. १९८८ नंतर बारावीला किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम निघाले, पुढे त्यांची नावे आणि रचना बदलली. पण हंटर साहेबांच्या वेळी घडले तेच पुन्हा घडले. लोकांना एकच दार खरे वाटते. पूर्वी ते मॅट्रिकचे होते, आज ते सायन्सचे आहे. पंच्याहत्तर टक्के पडले की सायन्स, पन्नास पडले की आर्ट्‌स, अशी गुणांवरून जात पाडली जाते. मुलाचा कल कुणी विचारत नाही.

आणि दारे बंद होतात ती अशी. गणित सोडून जीवशास्त्र घेतले की इंजिनिअरिंगचे दार लागले. जीवशास्त्र सोडले की डॉक्टरकीचे. आणखी एक सांगतो, त्याने आपल्या भागातले लोक चमकतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पदवीला जायचे, तर साधारणपणे बारावी शास्त्र शाखेची लागते. म्हणजे शेतकऱ्याच्या पोराने 'पुढं शेतीच करायचीय' म्हणून आर्ट्‌स घेतले, तर शेतीच्याच पदवीचे दार त्याला बंद! दहावीनंतरची शेतकी पदविका ही वेगळी वाट आहे. पण ती वाट आहे हे त्याला सांगणार कोण? दहावीनंतरच आय.टी.आय. आणि तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका याही वाटा आहेत. त्या कमी प्रतीच्या नाहीत.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाईन झाला आहे. दहापर्यंत पसंतिक्रम भरता येतात. पूर्वी मास्तरांना विचारून अर्ज भरायचा, आता तो बऱ्याचदा स्टँडजवळच्या दुकानात भरला जातो. दुकानदार अर्ज बिनचूक भरतो, पण दारांची माहिती त्याला नसते. ती तुम्हाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकच टप्पा मानला आहे आणि शाखांच्या भिंती सैल करण्याचे सुचवले आहे. भिंती खरोखर सैल झाल्या तर आनंदच आहे. मात्र मुदलियार आयोगाचा धडा विसरू नये. निवडीला विषय दहा ठेवले आणि तालुक्याला शिक्षक तीनच विषयांचे दिले, तर त्या निवडीला अर्थ राहत नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. जानेवारी महिन्यात, परीक्षेची घाई सुरू होण्यापूर्वी, दहावीच्या पालकांना एका संध्याकाळी शाळेत बोलवा. फळ्यावर चार ओळी लिहा : कोणता विषय घेतला तर कोणते दार उघडे राहते, कोणते बंद होते, आणि ती शाळा किंवा कॉलेज किती कोसांवर आहे. त्याला अनुदान लागत नाही, खडू लागतो.

आणि स्टँडवरच्या त्या गृहस्थांचे काय झाले? आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. मी मुलीलाच विचारले. ती आधी बापाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला हिशोबाचं आवडतं." बाप चकित झाला. "मला कधी बोलली नाहीस!" मुलगी म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाही."

तिने पुढे वाणिज्य शाखा घेतली, गणित ठेवून. तिचे पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी निवड झाली ती दार कुठले उघडे आणि कुठले बंद, हे बघून झाली. एवढे आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला यावे.